स्टॅटिन गोळ्यांची तीव्रता: उच्च, मध्यम आणि कमी म्हणजे नेमके काय?

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असलेले रुग्ण दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारतात. “डॉक्टर, माझी गोळी दहाची आहे आणि शेजाऱ्यांची चाळीसची. म्हणजे माझा आजार कमी आहे ना?” काहींचा प्रश्न वेगळा असतो. “आधी चाळीसची गोळी होती, आता मोठ्या डॉक्टरांनी वीसची दुसरी दिली. डोस निम्मा केला का?” दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे, की पाकिटावरचा मिलिग्रॅमचा आकडा म्हणजे गोळीची ताकद. स्टॅटिनच्या बाबतीत ही समजूत चुकीची ठरते आणि तिच्यामुळे काही जण गोळी स्वतःहून अर्धी करतात, बदलतात किंवा बंद करतात.

डॉक्टर स्टॅटिन निवडताना केवळ मिलिग्रॅम पाहत नाहीत, गोळीची तीव्रता पाहतात. ही तीव्रता कशी ठरते, तुमची गोळी कोणत्या गटात मोडते आणि तोच गट तुमच्यासाठी का निवडला असेल, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- स्टॅटिनची तीव्रता ही ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, किती टक्के कमी होते यावर ठरते.
- ५० टक्के किंवा जास्त घट म्हणजे उच्च तीव्रता, ३० ते ४९ टक्के म्हणजे मध्यम, ३० टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमी तीव्रता.
- वेगवेगळ्या स्टॅटिनचे मिलिग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचे ५ मिग्रॅ दुसऱ्याच्या ४० मिग्रॅइतके काम करू शकते.
- कोणाला कोणती तीव्रता हवी, हे रिपोर्टमधल्या एका आकड्यापेक्षा हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा एकूण धोका किती आहे यावर ठरते.
- रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करू नका. रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच.

स्टॅटिन म्हणजे काय?

आपल्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही. ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, तयार होते. ते तयार करण्याच्या कामात एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचे एक एन्झाइम महत्त्वाचे असते. स्टॅटिन या एन्झाइमला अडवते. लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की लिव्हरच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातले एलडीएल ओढून घेतात. त्यामुळे रक्तातले एलडीएल उतरते.

एलडीएल उतरण्याचा फायदा रक्तवाहिन्यांना होतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचण्याचा वेग मंदावतो आणि आधीच साचलेले थर फुटून गुठळी होण्याची शक्यता कमी होते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा अशाच फुटलेल्या थरामुळे येतो.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीवर संशोधन करताना या गटातले पहिले रसायन शोधले. पुढे १९८७ मध्ये लोवास्टॅटिन हे अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले स्टॅटिन ठरले. त्यानंतर सिम्वास्टॅटिन, प्रावास्टॅटिन, फ्लुवास्टॅटिन, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन आणि पिटावास्टॅटिन आली. आपल्याकडे आज चिठ्ठीवर मुख्यतः अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन हीच दोन नावे दिसतात. ब्रँडचे नाव काहीही असो, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेल्या मूळ औषधाच्या नावाचा शेवट ‘स्टॅटिन’ असा असेल तर गोळी बहुधा याच गटातली असते. नायस्टॅटिन हे बुरशीवरचे औषध मात्र याला अपवाद आहे. त्याचा कोलेस्टेरॉलशी संबंध नाही.

तीव्रतेची वर्गवारी कशी केली आहे?

अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन या दोन संस्थांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ही तीन गटांची पद्धत मांडली आणि २०१८ च्या सूचनांतही ती कायम ठेवली. भारतातले डॉक्टरही बोलताना याच गटांचा वापर करतात. खाली दिलेले सगळे डोस दिवसभराचे आहेत.

उच्च तीव्रता: एलडीएलमध्ये ५० टक्के किंवा जास्त घट
- अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ
- रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ

मध्यम तीव्रता: ३० ते ४९ टक्के घट
- अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० ते २० मिग्रॅ
- रोसुवास्टॅटिन ५ ते १० मिग्रॅ
- सिम्वास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ
- प्रावास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ
- लोवास्टॅटिन ४० ते ८० मिग्रॅ
- फ्लुवास्टॅटिन ८० मिग्रॅ
- पिटावास्टॅटिन १ ते ४ मिग्रॅ

कमी तीव्रता: ३० टक्क्यांपेक्षा कमी घट
- सिम्वास्टॅटिन १० मिग्रॅ
- प्रावास्टॅटिन १० ते २० मिग्रॅ
- लोवास्टॅटिन २० मिग्रॅ
- फ्लुवास्टॅटिन २० ते ४० मिग्रॅ

उच्च तीव्रतेच्या गटात फक्त दोनच औषधे आहेत हे लक्षात घ्या. बाकीच्या स्टॅटिनचा डोस कितीही वाढवला तरी सुरक्षित मर्यादेत राहून ५० टक्के घट मिळत नाही. सिम्वास्टॅटिन ८० मिग्रॅ पूर्वी दिले जायचे. पण स्नायूंना इजा होण्याचे प्रमाण जास्त दिसल्याने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्ये त्यावर निर्बंध आणले आणि नव्या रुग्णांत तो डोस सुरू करू नये असे सांगितले.

ही टक्केवारी सरासरीची आहे. एकाच गोळीने एकाचे एलडीएल ५५ टक्के उतरते, तर दुसऱ्याचे ४० टक्केच. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर पुन्हा रक्त तपासावे लागते.

मिलिग्रॅमच्या आकड्यावर का जाऊ नये?

१. प्रत्येक स्टॅटिनची ताकद वेगळी आहे.
रोसुवास्टॅटिन ५ मिग्रॅ, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० मिग्रॅ आणि सिम्वास्टॅटिन ४० मिग्रॅ या तिन्ही गोळ्या एलडीएल साधारण सारखेच, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास, उतरवतात. आकडे मात्र ५, १० आणि ४० असे आहेत. अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० ऐवजी रोसुवास्टॅटिन २० दिले असेल तर डोस निम्मा झालेला नाही. उलट नवी गोळी आधीच्या गोळीइतकीच किंवा थोडी जास्त तीव्र आहे.

२. डोस दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही.
कोणत्याही स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएलमध्ये साधारण ६ टक्क्यांचीच जादा घट मिळते. डॉक्टर याला ‘सहाचा नियम’ म्हणतात. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० मिग्रॅने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरते. तेच औषध आठपट, म्हणजे ८० मिग्रॅ, दिले तर घट ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत जाते. सर्वांत मोठा फायदा पहिल्या छोट्या डोसातच मिळतो.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तर फायदा निम्मा होत नाही, थोडाच कमी होतो. गोळी पूर्ण बंद केली तर मात्र सगळाच फायदा जातो. त्यामुळे मोठी गोळी सोसत नसेल तर छोटी मागा, पण बंद करू नका.

३. पाकिटावरचा आकडा कधी कधी स्टॅटिनचा नसतोच.
आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन एकत्र असलेल्या कॅप्सूल फार वापरल्या जातात. त्यावर ‘७५/१०’ किंवा ‘७५/२०’ असे लिहिलेले असते. यातले ७५ हे अ‍ॅस्पिरिनचे मिलिग्रॅम आहेत, स्टॅटिनचे फक्त १० किंवा २०. म्हणजे या दोन्ही कॅप्सूल मध्यम तीव्रतेच्या आहेत. काही कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल हे तिसरे औषधही असते.

अशा कॅप्सूलबाबत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली अशी, की तुम्हाला स्टेंट बसवला आहे किंवा हार्ट अटॅक येऊन गेला आहे आणि तुमच्या कॅप्सूलमध्ये स्टॅटिन १० मिग्रॅच आहे, तर पुढच्या भेटीत “एवढे पुरेसे आहे का?” असे जरूर विचारा. वय, किडनी किंवा आधी झालेला त्रास पाहून ते मुद्दाम कमी ठेवलेले असू शकते. पण वर्षानुवर्षे जुनीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून तीच कॅप्सूल घेतली जात असेल, तर कोणीतरी पुन्हा एकदा पाहायला हवे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. “कोलेस्टेरॉल नॉर्मल आले” म्हणून अशी कॅप्सूल बंद केली, तर स्टॅटिनबरोबर रक्ताची गुठळी रोखणारे औषधही बंद होते. नुकत्याच बसवलेल्या स्टेंटमध्ये त्यामुळे गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

ब्रिटनमधले गट थोडे वेगळे

मुले परदेशात आहेत आणि आईवडील काही महिने तिकडे जाऊन राहतात, अशी कुटुंबे आता बरीच आहेत. त्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या वर्गवारीत एलडीएल ४० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवणारा डोस उच्च तीव्रतेचा मानतात. त्यामुळे अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० मिग्रॅ आणि रोसुवास्टॅटिन १० मिग्रॅ तिथे उच्च गटात बसतात, तर अमेरिकन वर्गवारीत मध्यम गटात. औषध तेच आणि परिणामही तोच असतो. फक्त गटांची रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. तिकडच्या डॉक्टरांनी “हाय इंटेन्सिटी” म्हटले म्हणून घाबरू नका आणि परत आल्यावर गोळी कमीही करू नका.

कोणाला कोणती तीव्रता लागते?

इथे अनेकांची गल्लत होते. तीव्र गोळी दिली म्हणजे कोलेस्टेरॉल फार वाढले आहे, असे नसते. एखाद्याचे एलडीएल ११० असते आणि त्याला उच्च तीव्रतेचे स्टॅटिन दिले जाते. दुसऱ्याचे १५० असते आणि त्याला मध्यम तीव्रतेचे दिले जाते किंवा आधी आहार आणि व्यायामावर ठेवले जाते. फरक धोक्याचा असतो.

उच्च तीव्रता सहसा कोणाला देतात?
- हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले रुग्ण
- रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झालेले, किंवा पायाच्या रक्तवाहिन्या चरबीने अरुंद झालेले रुग्ण
- एलडीएल १९० मिग्रॅ प्रति डेसिलिटर किंवा जास्त असलेले प्रौढ. यातल्या अनेकांत हा दोष आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी.
- मधुमेहाबरोबर उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन, किडनीचा विकार अशी इतर कारणे एकत्र आलेले रुग्ण

मध्यम तीव्रता सहसा कोणाला देतात?
- ४० ते ७५ वयाचे मधुमेही, एलडीएल फार वाढलेले नसले तरीही
- हृदयविकार झालेला नाही, पण वय, बीपी, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल धरून पुढच्या १० वर्षांतला धोका जास्त निघतो असे लोक
- ७५ वर्षांपुढचे किंवा अशक्त रुग्ण, ज्यांना उच्च डोस सोसणार नाही असे वाटते

कमी तीव्रता हा सहसा पहिला पर्याय नसतो. मध्यम डोसही सोसत नाही, अशा रुग्णांना काहीच न देण्यापेक्षा तो दिला जातो.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हृदयविकार लवकरच्या वयात होताना दिसतो. अमेरिकेच्या २०१८ च्या सूचनांनी दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. त्यामुळे पन्नाशीच्या आत असलेल्या, वडिलांना किंवा भावाला कमी वयात हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाचा विचार डॉक्टर जास्त काळजीने करतात.

टक्के आणि लक्ष्य: हिशेब कसा करतात?

डॉक्टर रिपोर्टमध्ये दोन गोष्टी पाहतात. एलडीएल आधीपेक्षा किती टक्के उतरले आणि ते तुमच्यासाठी ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेले का. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार एलडीएलची साधारण लक्ष्ये अशी आहेत:
- कमी धोका: १०० च्या खाली
- जास्त धोका: ७० च्या खाली
- अति जास्त धोका, उदाहरणार्थ हार्ट अटॅक येऊन गेलेले: ५५ च्या खाली

एक उदाहरण घेऊ. एका रुग्णाला हार्ट अटॅक आला, तेव्हा त्याचे एलडीएल १३० होते. मध्यम तीव्रतेच्या गोळीने ४० टक्के घट झाली तर ते ७८ वर येईल. उच्च तीव्रतेच्या गोळीने ५० टक्के घट झाली तर ६५ वर येईल. लक्ष्य ५५ चे आहे, म्हणजे उच्च तीव्रताही थोडी कमी पडली. अशा वेळी एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्यापासून रोखते आणि साधारण २० टक्के जादा घट देते. ६५ चे २० टक्के कमी झाले की ५२, आणि लक्ष्य गाठले.

आता लॅबच्या रिपोर्टकडे पाहा. लॅब एलडीएलसमोर १०० पर्यंत ‘नॉर्मल’ किंवा ‘योग्य’ असे छापते. वरच्या रुग्णाचे ७८ त्यात आरामात बसते आणि रिपोर्टवर कोणतीही खूण येत नाही. पण त्याच्यासाठी ७८ जास्तच आहे. छापलेली मर्यादा सर्वसामान्य लोकांसाठी असते. तुमची मर्यादा तुमच्या धोक्यावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडून एकदा विचारून फाइलवर लिहून ठेवा.

एवढा खटाटोप कशासाठी? वेगवेगळ्या स्टॅटिन अभ्यासांतल्या लाखाहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा असे दिसले, की एलडीएल सुमारे ३९ मिग्रॅने उतरले की हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. अजून ३९ ने उतरले तर उरलेला धोका पुन्हा तेवढ्याच प्रमाणात घटतो. मुळात धोका जास्त असलेल्या माणसाला या घटीचा फायदाही जास्त होतो. म्हणून हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर उच्च तीव्रतेचा आग्रह धरतात.

डोस जपून ठरवावा लागतो असे रुग्ण

भारतीय रुग्ण आणि रोसुवास्टॅटिन: आशियाई वंशाच्या लोकांत, त्यात भारतीयही आले, रोसुवास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण गोऱ्या लोकांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होते. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकातच अशा रुग्णांना ५ मिग्रॅपासून सुरुवात करण्याची सूचना आहे. म्हणून धोका फार नसेल तर तुमचे डॉक्टर ५ किंवा १० मिग्रॅने सुरुवात करतील. ४० मिग्रॅ आपल्याकडे क्वचितच वापरतात.

किडनीचा विकार: अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा डोस किडनीसाठी बदलावा लागत नाही. रोसुवास्टॅटिन मात्र किडनी बरीच कमजोर असेल तर ५ मिग्रॅने सुरू करून १० मिग्रॅच्या वर नेत नाहीत. डायलिसिस सुरू असलेल्यांत नव्याने स्टॅटिन सुरू करण्याचा स्पष्ट फायदा अभ्यासांत दिसला नाही. आधीपासून सुरू असेल तर सहसा चालू ठेवतात.

इतर औषधे: क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक आणि इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधे अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवतात. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे घेतले जाते, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिनबद्दल नक्की सांगा. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू असेल तर सिम्वास्टॅटिन २० मिग्रॅच्या वर देत नाहीत. जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर टाळतात. अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध घेत असाल तर ते रोसुवास्टॅटिननंतर किमान २ तासांनी घ्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

गरोदरपण: बहुतेक स्त्रियांत गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात स्टॅटिन बंद ठेवतात. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

तीव्रता वाढली की दुष्परिणाम वाढतात का?

काही प्रमाणात हो, पण लोकांना वाटते तेवढे नाही.

स्नायूंचे दुखणे: मांड्या, पोटऱ्या, खांदे दोन्ही बाजूंनी दुखणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. मात्र प्रत्येक दुखणे गोळीमुळे नसते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे ठेवले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. याचा अर्थ त्यांचे दुखणे खोटे होते असा नाही. पण त्याला कारण गोळीतले औषध नव्हते. थायरॉइड कमी असेल तरी अंग दुखते आणि कोलेस्टेरॉलही वाढते, म्हणून अशा वेळी थायरॉइडची तपासणी करून घेतात.

लिव्हर: काही रुग्णांत लिव्हरचे एन्झाइम थोडे वाढतात. उच्च डोसात हे जास्त दिसते. सामान्य मर्यादेच्या तिप्पट वाढले तर डोसाचा पुन्हा विचार करतात. लिव्हरवर साधी चरबी आहे म्हणून स्टॅटिन नाकारण्याचे कारण नाही.

मधुमेह: स्टॅटिनने नव्याने मधुमेह होण्याची शक्यता थोडी वाढते आणि उच्च तीव्रतेत ती किंचित जास्त असते. ज्यांची शुगर आधीच काठावर आहे त्यांच्यात हे मुख्यतः दिसते. हार्ट अटॅक टाळण्याचा फायदा या धोक्यापेक्षा बराच मोठा आहे.

उच्च तीव्रता सोसत नसेल तर मध्यम तीव्रतेचे स्टॅटिन आणि एझेटिमाइब हा चांगला मार्ग आहे. दक्षिण कोरियात ३,७८० हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोसुवास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब १० आणि एकटे रोसुवास्टॅटिन २० यांची तुलना केली. तीन वर्षांनंतर हृदयविकाराच्या घटना दोन्ही गटांत सारख्याच होत्या, पण जोडगोळीच्या गटात त्रासामुळे औषध सोडावे किंवा कमी करावे लागणाऱ्यांची संख्या कमी होती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळी रात्रीच घ्यावी का?
अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे ती कधीही घेतली तरी चालते. रोज एकच वेळ ठेवा म्हणजे विसरणार नाही. सिम्वास्टॅटिनसारखी कमी वेळ टिकणारी औषधे रात्री घेतात.

रक्त पुन्हा केव्हा तपासायचे?
गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, आणि नंतर ३ ते १२ महिन्यांनी. तपासणीच्या आधी गोळी बंद करू नका. “औषधाशिवाय किती आहे ते बघू” म्हणून आठवडाभर गोळी बंद ठेवून दिलेल्या रिपोर्टवरून गोळी पुरते की नाही हे कळत नाही.

रिपोर्ट लक्ष्यात आला. आता गोळी बंद करू का?
नाही. गोळी बंद केल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल जुन्या पातळीवर परत जाते. चष्म्याने स्पष्ट दिसू लागले म्हणून आपण चष्मा काढून ठेवत नाही, तसेच हे आहे.

तेल-तूप बंद केले तर गोळी टळेल का?
धोका कमी असेल आणि एलडीएल थोडेच वाढले असेल तर आहार, चालणे, वजन आणि तंबाखू सोडणे यांनी कधी कधी टळते. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा एलडीएल १९० च्या वर असेल तर पथ्य हवेच, पण गोळीऐवजी नाही, गोळीसोबत.

उच्च तीव्रता आणि एझेटिमाइब घेऊनही लक्ष्य गाठले नाही तर?
आधी गोळी रोज घेतली जाते का, हे पाहावे. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते. तरीही एलडीएल जास्त राहिले तर बेम्पेडोइक अ‍ॅसिडची गोळी किंवा पीसीएसके९ गटातली इंजेक्शने असे पुढचे पर्याय हृदयरोगतज्ज्ञ सुचवतात.

डॉक्टरांना लगेच केव्हा दाखवावे?

- स्नायू खूप दुखत असतील, जिना चढताना किंवा उठताना पायांत जोर राहत नसेल
- लघवी चहासारखी गडद होत असेल
- डोळे किंवा लघवी पिवळी होणे, सततची मळमळ, भूक पूर्ण जाणे
- छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे. यात वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

पुढच्या भेटीला जाताना

गोळीचे पाकीट आणि गोळी सुरू होण्याआधीचा जुना रिपोर्ट सोबत न्या. जुना रिपोर्ट नसेल तर किती टक्के घट झाली ते काढता येत नाही. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझी गोळी कोणत्या तीव्रतेची आहे? माझ्यासाठी एलडीएलचे लक्ष्य किती? आणि पुढची तपासणी केव्हा? ही तीन उत्तरे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली, तर उद्या डॉक्टर बदलले, गाव बदलले किंवा मेडिकलमधून दुसऱ्या ब्रँडची गोळी मिळाली तरी उपचार भरकटत नाहीत.

या लेखातली माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. डोस वाढवणे, कमी करणे किंवा बदलणे हा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.